चंदनबाईंचा नियम

लाल पडलेला केळीचा वेफर दिसला की माझं डोकं फिरतं. माणसं तो खातात आणि वर खरपूस आहे म्हणतात. खरपूस कसला डोंबलाचा! पिकायला लागलेलं केळं कढईत सोडलं की त्यातली साखर जळते, म्हणून तो लाल होतो. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. कॉलेज तर मी दुसऱ्या वर्षालाच सोडलं. हे शिकवलं माझ्या वडिलांनी, जीवराम आबांनी, रावेरकडच्या आमच्या बागेत घडाखाली उभं करून. कुठला घड वेफर्सला चालेल हे ते मला केळ्यावरून बोट फिरवून ओळखायला लावायचे. मी चुकीचा घड कापला की तो घरी टांगायचे, आणि पिकला की सगळं घर सकाळ-संध्याकाळ तीच केळी खात बसायचं. आई माझ्या नावानं बोटं मोडायची, पण मी शिकले.

दुसऱ्या शिकवणाऱ्या चंदनबाई. जळगावच्या दाणा बाजारात पारसमल शेठजींचं दुकान आहे, त्यांच्या या आई. मी पहिल्यांदा वेफर्सच्या पिशव्या घेऊन त्या दुकानात गेले तेव्हा शेठजींनी एक पिशवी घरी आईकडे पाठवली. ही माणसं जैन. जमिनीखाली वाढलेलं काही खात नाहीत, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा सगळं बंद. त्यामुळे आपल्याकडे बटाटा जे काम करतो ते त्यांच्या स्वयंपाकघरात कच्चं केळं करतं. भाजी केळ्याची, वड्यातलं सारण केळ्याचं. चंदनबाईंना वेफर्स आवडले, पण दुकानात ठेवायला त्यांनी सरळ होकार दिला नाही. म्हणाल्या, आधी कढई बघते. आणि खरंच रिक्षा करून आल्या, अजिंठा चौफुलीच्या पुढं मी भाड्यानं घेतलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

बाप रे, काय काय बघितलं त्यांनी! किसणी बघितली, झारा नाकाशी नेला, तेलाचा डबा उघडायला लावला. पाणी कशातून गाळतेस, हे विचारलं आणि माझं गाळण्याचं फडकं हातात धरून म्हणाल्या की यातून हत्ती जाईल. मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाड फडकं घेऊन आल्या आणि ते भांड्याला कसं बांधायचं ते दाखवून गेल्या. मग येतच राहिल्या. दिवस मावळायच्या आत कढई उतरवायची, या कढईत केळ्याशिवाय काही पडू द्यायचं नाही, भांडी घासायला येणाऱ्या मंदाबाईनं डब्यात लसणाची चटणी आणली असेल तर तिनं ती बाहेर बसून खायची आणि हात धुऊन आत यायचं. मी जैन नाही, पण हे सगळं करता करता माझ्या हाताला एक वळण लागलं. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, आता पिशवीवर 'जैन' लिही. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बारावीच्या निकालाला पण झाला नव्हता.

त्यांचा नियम आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चंदनबाई लहान होत्या, परकरात होत्या, तेव्हा राजस्थानात त्यांच्या गावाला आलेल्या साध्वीजींकडून त्यांनी कंदमुळं न खाण्याचा नियम घेतला. आज त्या ऐंशीच्या पुढं आहेत. बटाट्याची चव कशी असते हे त्यांना ठाऊकच नाही. मागं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या आमटीत बटाट्याची फोड दिसली, तर अख्खं ताट परत पाठवून त्या दुधावर राहिल्या. कुणाला उपदेश करत नाहीत, कुणाच्या ताटात डोकावत नाहीत. आपला नियम आपण पाळतात.

आता त्यांच्या नातवाचं सांगते. संयम त्याचं नाव, पारसमल शेठजींचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्यांच्याकडे रीत अशी की मुलाला धंद्यात घालायचं तर बापाच्या दुकानात बसवायचं नाही, आधी परक्याच्या दुकानात धाडायचं. तिथं झाडू मारायचा, पोती मोजायची, चार शिव्या खायच्या, मग घरी यायचं. शेठजी स्वतः असेच तयार झाले. संयमला त्यांनी धुळ्याला एका व्यापाऱ्याच्या किराणा दुकानात ठेवलं. त्याला तिथं तीळ निवडायला बसवलं, तर हा पठ्ठ्या महिन्याच्या आत पळून आला. पण रिकामा नाही आला. धुळ्याला त्याला 'सर' भेटले होते.

हे सर कुठल्या शाळेतले नाहीत. हायवेवरच्या हॉटेलात हॉल घेऊन ते तरुण पोरांना उद्योजक करतात. डिग्री फेका, बिझनेस शिका, असं त्यांच्या बॅनरवर लिहिलेलं. पहाटे उठून ग्रुपवर 'मी जिंकणार' असं टाकायचं, आरशात बघून स्वतःला टाळी द्यायची आणि सारखं म्हणायचं की चूक अशी काही नसतेच, असतं ते लर्निंग. संयम हे सगळं मला तोंडपाठ ऐकवायचा. मी कढईवर उभी, घामाच्या धारा लागलेल्या, आणि हा खुर्चीत बसून मला सांगणार की भाविका, तुझा माइंडसेट छोटा आहे. शी! तेव्हापासूनच मला त्याची शिसारी यायला लागली होती. पण पारसमल शेठजींनी हात जोडून सांगितलं होतं की याला सोबत घे, तुझ्याबरोबर काही शिकेल. त्यांचा शब्द मोडवला नाही. संयमनं पिशवी छान डिझाइन करून आणली, पुण्या-नाशिकच्या ऑर्डरी मिळवल्या, हेही खोटं नाही. बोलण्यात तो वस्ताद.

यंदा जून लागायच्या आधी वादळ आलं आणि आमच्या भागातल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. आबांची बागही गेली. मला गावाकडे जावं लागलं. निघताना मी संयमला सांगितलं की चांगला कच्चा माल मिळेपर्यंत कढई बंद. मिळाला तर थोडा करा, मंदाबाईला सगळं ठाऊक आहे, नाही मिळाला तर ऑर्डरवाल्यांना थांबायला सांगा. तो हो म्हणाला. तिकडे मी आबांबरोबर पडलेली खोडं ओढत होते, आणि इकडे फोन केला की हा म्हणायचा, सगळं मस्त, तू टेन्शन घेऊ नको.

परत आले तेव्हा शेडचं दार उघडल्याबरोबर वास आला. सडक्या बटाट्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, मेलेल्या उंदराची आठवण यावी असा तो वास. मागच्या खोलीत पोतं होतं. तळातून काळं पाणी निघून फरशीवरून वाहत गेलेलं, त्यावर चिलटं घोंघावत होती. मंदाबाई भांडी घासत होती. ही बाई आमच्याकडे सुरुवातीपासून आहे, माझ्यापुढं कधी मान खाली घालत नाही. त्या दिवशी तिनं वर बघितलं नाही.

विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. एका हॉस्टेलची बटाटा वेफर्सची मोठी ऑर्डर संयमनं घेतली होती. दुसरी कढई आणू या, असं ती म्हणाली तर तो म्हणाला, कशाला, हीच आहे ना. बटाटे त्याच किसणीवर किसले, त्याच तेलात तळले. मग त्याच तेलात थोडी केळी तळून 'जैन' लिहिलेल्या पिशव्या भरल्या. मंदाबाई नको म्हणाली होती. "भाऊ म्हणे, ताईले नको सांगू, मी सांगतो," एवढं बोलून ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

संयमला मी बोलावून घेतलं. वाटलं होतं, निदान चेहरा पडेल. कसला पडतोय! तो पोत्याकडे बघून नाक दाबून म्हणाला की हे फेकायचं राहूनच गेलं. मी विचारलं, दुकानात त्या पिशव्या गेल्या का. गेल्या म्हणाला, आणि एकाची पण तक्रार नाही. तेलाला काय समजतं, त्यात काय तळलं ते. सर सांगतात, ग्राहकाला जो प्रॉब्लेम जाणवत नाही तो प्रॉब्लेमच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आणि तुझ्या घरी?

यावर त्यानं जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "पहिली पिशवी दादीलाच दिली. तिला कळलं नाही, तर जळगावात कुणाला कळणार?"

मला वाटलं होतं की घाईत झालं, निष्काळजीपणा झाला, फार तर लोभ सुटला. तसं नव्हतं. यानं माल तपासायला आजीला वापरलं होतं. पुढचं त्यानंच सांगितलं, आपल्या हातानं पिशवी फोडली, तिच्या समोर बसला, ती खाताना तिच्या तोंडाकडे बघत राहिला. चांगले झालेत, असं ती म्हणाली आणि यानं आठवड्याचा माल बाजारात काढला. जिनं बटाटा जन्मात चाखला नाही तिला त्याचा वास तरी कसा ओळखू येणार? एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, की आली होती, हे मला अजून कळलेलं नाही. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. उगाच धुतलं, पण धुतल्याशिवाय राहवेना.

तेल मी ओतून दिलं. कढई भंगारवाल्याला दिली. दुकानातल्या उरलेल्या पिशव्या परत आणल्या, आणि ज्यांच्याकडे गेल्या होत्या त्यातल्या माहितीच्या घरी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. काहींनी दारातच सुनावलं, एका बाईंनी माझ्या हातातली पिशवी गटारात टाकली. बरोबरच केलं. पारसमल शेठजींना सांगितलं तेव्हा त्यांनी गल्ल्याला कुलूप घातलं. म्हणाले, आईला नको सांगू, ती अन्न सोडेल. तिला माहीत नाही तोवर दोष तिच्याकडे नाही. मी ज्या घरी जाऊन आले होते त्यांनाही, आईच्या कानावर जाऊ देऊ नका, असं त्यांनी सांगून ठेवलं. आबांना फोन केला तर तेही म्हणाले, "लोकाच्या घरातलं आहे वं भाविका, तू कशाले मधी पडते."

पण मधे पडायचा प्रश्न कुठं होता? मी मधेच होते. पिशवीवर 'जैन' मी लिहिलं होतं, चंदनबाईंनी माझ्या हातावर विश्वास ठेवून ते लिहू दिलं होतं. त्या शेडवर येतील, माझ्याकडे बघून हसतील, आणि मी गप्प राहीन? मग माझ्यात आणि संयममध्ये काय फरक राहिला? म्हातारं माणूस दुखावेल हे मला कळत होतं. पण तिच्या नियमाचं काय करायचं हे ठरवायचा हक्क तिचा आहे, तो तिच्याकडून काढून घेणारे आम्ही कोण?

मी संयमला सांगितलं, "तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." तो गयावया करायला लागला. धुळ्याला सरांचा मोठा कार्यक्रम आहे, त्यात त्याला तरुण उद्योजक म्हणून गौरवणार आहेत, दादीला पण न्यायचं ठरलंय, तेवढा होऊ दे. तिथंच सांगतो, असं त्यानं गळ्याला हात लावून शपथेवर कबूल केलं. मला वाटलं, घराबाहेर, आजीला शांतपणे एका बाजूला बसवून सांगायचं असेल याला. तेवढी सवड मी दिली. मधल्या दिवसांत चंदनबाईंचा दोनदा निरोप आला, वेफर्स का नाही पाठवले? मी कढई मोडीत काढली असं कळवलं. ते खरंच होतं, पण अर्धंच.

धुळ्याला आम्ही गाडीनं गेलो. पारोळ्यापर्यंत चंदनबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, नातवाला सन्मान मिळणार म्हणून नवं पातळ नेसल्या होत्या. शेठजी आले नाहीत, डोकं दुखतं म्हणाले. हॉलमध्ये पोरंच पोरं. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, सगळ्यांच्या तोंडात एकच भाषा. कानठळ्या बसवणारं संगीत लावून सर धावत स्टेजवर आले आणि सगळी पोरं उभी राहून ओरडायला लागली. चंदनबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. उद्योजकाची आजी म्हणून त्यांना गुलाबाचं फूल दिलं. त्या ते पदरात धरून बसल्या. मी त्यांच्या शेजारी.

मग संयमला बोलावलं. सरांनी जाहीर केलं की आपला हा हिरो आज त्याचं सगळ्यात मोठं फेल्युअर सांगणार आहे, कारण जो पडला तोच शिकला. दिवे मंद झाले. मागं बासरी वाजायला लागली. रेकॉर्ड केलेली बासरी! आणि संयम बोलायला लागला.

"माझी एक ग्राहक होती," तो म्हणाला. "वयस्कर. लहानपणी घेतलेला नियम तिनं आयुष्यभर पाळला. आणि माझ्या एका चुकीच्या निर्णयामुळे तिचा नियम मोडला. तिला अजूनही ते माहीत नाही."

तो थांबला. कुठं थांबायचं हे त्याला शिकवलेलं होतं. त्यानं डोळे पुसले. रात्र रात्र झोप लागली नाही म्हणाला, हा, ज्यानं पोत्याकडे बघून नाक दाबलं होतं. मग आवाज चढवून म्हणाला की त्या चुकीनं मला ब्रँड म्हणजे विश्वास हे शिकवलं, ते कुठलंच कॉलेज शिकवू शकलं नसतं. आणि बोट वर करून म्हणाला, थँक यू टु दॅट लेडी. झालं. सगळा हॉल उठला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, सरांनी त्याला मिठी मारली, काही पोरी रडत होत्या. मला त्या हॉलमधल्या प्रत्येकाची किळस आली. त्या बाईचं पुढं काय झालं, असं एकाच्याही मनात आलं नाही.

चंदनबाई बोलणं सुरू असताना एकदा "अरेरे" म्हणाल्या होत्या. आता त्या फूल मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होत्या. हळूहळू, दोन्ही हात जुळवून.

संयम खाली आला, त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उठता उठता तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "सांगितलं बघ. फार हलकं वाटतंय." आणि फोटोला बोलावलं म्हणून गेला. त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं सांगितलं.

पोरं फोटोसाठी स्टेजकडे धावली, आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. चंदनबाई माझ्याकडे सरकल्या. चेहरा उतरला होता, पण नातवाचा अभिमानही होता त्यात. "चुकला, पण भर सभेत कबूल केलं पोरानं," त्या म्हणाल्या. "कोण गं ती बाई? आपल्यातलीच दिसते. उद्या मला तिच्याकडे घेऊन चल. तिची माफी मागायला हवी, घरातल्या मोठ्या माणसानं जायला हवं."

मी त्यांचा हात धरला. 

"त्या तुम्हीच, दादी."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळायला लागलं, ते मला दिसलं. कुठली पिशवी, कधी दिली, समोर कोण बसलं होतं, हे सगळं त्या आठवत असाव्यात. मी कढईचं, बटाट्यांचं, तेलाचं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. त्या रडल्या नाहीत, माझ्यावर चिडल्या नाहीत. स्टेजवर संयम सरांच्या शेजारी अंगठा वर करून उभा होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि मग मान खाली घालून आपले दोन्ही तळवे बघत राहिल्या.

"मी पण वाजवल्या ना गं टाळ्या," त्या म्हणाल्या.